क्रँकशाफ्टच्या टोकाचे छिद्र

ऑटोमॅटिक गिअरबॉक्ससाठी बांधलेल्या इंजिनाला मॅन्युअल गिअरबॉक्स जोडायचे ठरवले, तेव्हा मी सर्वप्रथम क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे, मागचे टोक तपासले. गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या बहुतेक इंजिनांत गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे (इंजिनाकडून फिरणाऱ्या दांड्याचे) पुढचे टोक तेथील छिद्रात बसवलेल्या छोट्या पायलट बेअरिंगमध्ये टेकते. क्लच दाबल्यावर क्रँकशाफ्ट फिरतच राहतो आणि इनपुट शाफ्टचा वेग मात्र बदलतो किंवा तो थांबतो, म्हणून हा आधार लागतो. ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून शक्ती पोहोचवणारा भाग) केवळ केंद्रात राहण्यापुरता बसत असल्याने, काही क्रँकशाफ्टमधील छिद्र बेअरिंगच्या मापाचे कातलेले नसते, तर काहींत ते पुरेसे खोल नसते.

खोली कमी पडली, तर शाफ्टचे टोक तळाला टेकते आणि गिअरबॉक्स शेवटच्या काही मिलिमीटरवर अडतो. अशा वेळी बोल्ट आवळून तो ओढून घेणे हा इंजिनावर अन्यायच आहे, कारण तो सगळा दाब क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. काही इंजिनांसाठी क्रँकशाफ्टमधील कन्व्हर्टरसाठीच्या मोठ्या खाचेत बसणारे खास बेअरिंग मिळते. ते नसेल, तर क्रँकशाफ्ट काढून लेथवर कातून घेणे मला सर्वांत खात्रीचे वाटते.

क्रँकशाफ्टला कन्व्हर्टरशी जोडणारी फ्लेक्सप्लेट हा पातळ पत्रा असतो. त्याच्या जागी क्लच ज्यावर बसतो ते जाड, जड फ्लायव्हील येते, म्हणून जुने बोल्ट पुन्हा वापरू नयेत, त्यांची लांबी बहुधा पुरत नाही. बॅलन्सही, म्हणजे फ्लायव्हीलवर मुद्दाम एका बाजूला ठेवलेले वजन, जुळायला हवा. फोर्डच्या ३०२ इंजिनात आधी २८ औंस-इंचांचा आणि १९८० च्या दशकात ५० औंस-इंचांचा बॅलन्स होता. यांची अदलाबदल झाली, तर इंजिन थरथरत राहते.

बेलहाउसिंगचे (क्लचभोवतीच्या, इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचाचे) छिद्र क्रँकशाफ्टशी एककेंद्री आहे का, हे मी डायल गेज लावून पाहतो. अनेक ठिकाणी ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, ही मर्यादा धरली जाते. ती ओलांडली, तर ऑफसेट डॉवेल पिन (कवच जागेवर धरणाऱ्या, केंद्र बाजूला असलेल्या खिळ्या) लावून केंद्र सरकवावे लागते. कंटाळवाणे काम आहे खरे, पण केंद्र चुकले, तर पायलट बेअरिंग आणि इनपुट शाफ्ट दोन्ही अकाली झिजतात.

वायरिंगमध्ये पार्क-न्यूट्रल स्विचच्या (ऑटोमॅटिक गाडी फक्त पार्क किंवा न्यूट्रलमध्येच सुरू होऊ देणाऱ्या स्विचच्या) दोन तारा नुसत्या जोडल्या की स्टार्टर फिरतो. तरीही गाडी गिअरमध्ये असताना उसळी मारू नये, म्हणून त्या तारा मी क्लच पेडलवरच्या स्विचमधूनच नेतो.