प्रोटीन जातंय कुठे? लेकीच्या आजाराचं निदान आणि त्यानंतरचं आमचं स्वयंपाकघर

लहान मुलाच्या डोळ्यांखाली आणि पायांवर सूज दिसली की पहिला संशय किडनीवर जातो, आणि तो रास्तच आहे. नेफ्रॉटिक सिंड्रोम मुलांमध्ये बऱ्यापैकी आढळतो आणि त्यात लघवीवाटे प्रोटीन जातं. आमच्या लेकीची लघवी मात्र दर वेळी स्वच्छ यायची. लिव्हरच्या तपासण्याही ठीक होत्या. तरी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन १.८. ते ३.५ च्या वर असायला हवं. नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

ती तेव्हा तीन वर्षांची होती. पुण्यातल्याच एका दवाखान्यात आम्हाला सांगितलं की मुलीला खायला कमी पडतंय, कुपोषण आहे. हातात एक कागद दिला: सायीसकट दूध, अंडी, शेंगदाण्याचे लाडू, वरणभातावर तुपाची धार. घरात दोन वेळा पोळी-भाजी, वरण, दही खाणारी मुलगी कुपोषित कशी, हा प्रश्न मी विचारला. त्याचं उत्तर मिळालं नाही. कागदाप्रमाणे खाऊ घातलं तशी शी पातळ व्हायला लागली, पोट आणखी फुगलं.

मग एका रात्री तिच्या हाताची बोटं आखडली. मनगट खाली वाकलेलं, अंगठा तळहाताकडे ओढलेला, बोटं ताठ. ती रडत होती आणि मला ती बोटं उघडता येत नव्हती. रिक्षा करून कर्वे रोडवरून निघालो. इमर्जन्सीत रक्त घेतलं, कॅल्शियम खूप खाली गेलेलं होतं, मॅग्नेशियमही कमी. शिरेतून हळूहळू कॅल्शियम दिलं तशी बोटं सैल पडली. तिथल्या ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी आम्हाला पोटविकाराच्या बालतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

या बालतज्ज्ञ बाईंनी नवीन तपासणी लिहून देण्याआधी जुने सगळे रिपोर्ट टेबलावर तारखेप्रमाणे लावले. आम्ही प्रत्येक वेळी फक्त अल्ब्युमिनचा आकडा बघत होतो. त्यांनी पेन्सिलीने दुसऱ्याच आकड्यांभोवती गोल केले. सीबीसीमध्ये लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सतत कमी. अल्ब्युमिनबरोबर ग्लोब्युलिन हे रक्तातलं दुसरं प्रोटीनही खाली. कोलेस्टेरॉल कमी. नेफ्रॉटिकमध्ये ते उलट वाढतं. मग म्हणाल्या, "ताई, लिव्हर प्रोटीन बनवतंय, किडनी ते धरून ठेवतेय. म्हणजे गळती आतड्यातून आहे. ती आधी सिद्ध करू."

सिद्ध करायला शीची तपासणी लागते, अल्फा-वन अँटिट्रिप्सिन नावाची. हे प्रोटीन लिव्हर बनवतं, रक्तात असतं, आणि आतड्यातले पाचकरस त्याला सहसा पचवू शकत नाहीत. त्यामुळे ते शीमध्ये जास्त सापडलं, तर रक्तातलं प्रोटीन आतड्यात उतरतंय असा अर्थ होतो. आमच्या जवळच्या लॅबने हे नावच ऐकलं नव्हतं. शेवटी एका मोठ्या लॅबच्या शाखेने नमुना घेऊन बाहेरगावी पाठवला. नमुना कसा ठेवायचा, किती वेळात द्यायचा, हे आधी फोन करून विचारून घ्या. रिपोर्ट आला तेव्हा तो आकडा नॉर्मलच्या कितीतरी पट होता.

यानंतर खूप तपासण्या झाल्या, पण प्रत्येकीला कारण होतं आणि ते आम्हाला सांगितलं गेलं. हृदयाभोवतीचं आवरण कडक झालं तरी लिम्फचा, म्हणजे शरीरातल्या वेगळ्या बारीक नळ्यांतून वाहणाऱ्या द्रवाचा, दाब वाढून अशीच गळती होते, म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. गव्हाची ॲलर्जी म्हणतात तो सिलिअ‍ॅक आजार नाही ना, म्हणून रक्ततपासणी. आणि पोटाचा टीबी. आपल्याकडे तो विसरून चालत नाही, कारण टीबीच्या गाठींनीही लिम्फचा रस्ता अडतो. दुसऱ्या एका ठिकाणी तर टीबीच्या गोळ्या लगेच सुरू करा असा सल्ला मिळाला होता. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, तुकडा तपासल्याशिवाय नाही. एवढ्याशा मुलीला कित्येक महिने त्या गोळ्या द्याव्या लागल्या असत्या.

एंडोस्कोपीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मुद्दाम लोणी-तूप घालून जेवू घाला असं सांगितलं. स्निग्ध खाल्ल्यावर आतड्यातल्या लिम्फच्या नळ्या भरतात आणि दोष डोळ्यांना दिसतो. नंतरचे तास उपाशी ठेवून, भूल देऊन तपासणी झाली. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे फोटो त्यांनी आम्हाला दाखवले: गुलाबी अस्तरावर पांढरीशुभ्र रांगोळी सांडल्यासारखे ठिपके. हा दोष आतड्यात सलग असेलच असं नसतं, मध्ये चांगला भागही असतो, म्हणून वेगवेगळ्या जागचे तुकडे घेतले. बायॉप्सीत आतड्याच्या अस्तरातल्या लिम्फवाहिन्या फुगलेल्या दिसल्या. टीबी नाही, कॅन्सर नाही.

आजाराचं नाव प्रायमरी इंटेस्टिनल लिम्फँजिएक्टेशिया. अमेरिकेतल्या डॉ. थॉमस वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून वाल्डमनचा आजार असंही म्हणतात. अतिशय दुर्मीळ. बहुतेकदा तीन वर्षांच्या आतच लक्षात येतो. आतड्यातून शोषलेलं तेल-तूप थेट रक्तात जात नाही, ते आधी या बारीक लिम्फवाहिन्यांत शिरतं. त्या वाहिन्यांची घडणच बिघडलेली असली की त्या तुंबतात, फुगतात आणि फुटतात. मग लिम्फ आतड्यात सांडतं आणि त्याबरोबर अल्ब्युमिन, रोगप्रतिकारक प्रोटीनं आणि लिम्फोसाइट जातात. पेन्सिलीचे ते सगळे गोल एका ओळीत बसले. जितकं तूप, तितका त्या वाहिन्यांवर ताण, हेही कळलं. त्या कागदावरचा आहार तिच्यासाठी नेमका उलटा होता.

मध्ये एकदा सूज फारच वाढली म्हणून सलाइनसारखं अल्ब्युमिन चढवावं लागलं. बाटली महाग असते आणि सूज उतरते तेव्हा फार हायसं वाटतं. पण गळती चालूच असेल तर चढवलेलंही वाहून जातं. आमचा आकडा आठवडाभरात पुन्हा घसरला. खरं औषध जेवणात आहे.

ते जेवण असं: रोजचं तेल-तूप जवळजवळ बंद, प्रोटीन भरपूर, आणि तेलाच्या जागी एमसीटी तेल. या तेलातली फॅट मध्यम साखळीची (मीडियम चेन, म्हणून एमसीटी) असते, ती लिम्फचा रस्ता न धरता सरळ लिव्हरकडे जाणाऱ्या रक्तात शोषली जाते. या आजारात त्याचा उपयोग १९६४ पासून नोंदलेला आहे. खूप जणांनी प्रेमाने सुचवलं की मग खोबरेल तेलच घाला, त्यातही तेच असतं. तसं नाही. खोबरेल तेलात लॉरिक आम्ल सर्वांत जास्त असतं आणि त्याचा बराच भाग लिम्फमधूनच जातो. मी आहारतज्ज्ञांना विचारून खात्री केली. एमसीटी तेल कडकडीत तापवायचं नाही, म्हणून फोडणी त्यात करत नाही. जिरं-हिंग कोरडं भाजून वरणात घालते आणि वाटीत वाढल्यावर वरून मोजून तेल. सुरुवात अगदी थोड्यापासून केली, एकदम वाढवलं तर पोटात कळ येते आणि जुलाब होतात.

स्वयंपाकघरात डिजिटल काटा आला. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं, हे आपण कुटाची मूठ घालताना कधी मनात आणत नाही. ओलं खोबरं, तीळ, साय, अंड्याचा पिवळा बलक, सगळं बाजूला. मसूर, मूग, मटकी, अंड्याचा पांढरा भाग, साय पूर्ण काढलेल्या दुधाचं दही, घट्ट ताक, चरबी काढलेलं चिकन, हे चालतं. अशाच दह्याचा चक्का बांधून पाडव्याला श्रीखंड केलं, केशर-वेलची घालून, आणि ते सगळ्या घराने खाल्लं. शरीराला लागणारी काही फॅट मात्र बाहेरूनच मिळते, त्यामुळे आहारतज्ज्ञ थोडंसं साधं तेल मोजून देतात. ते स्वतःच्या मनाने शून्यावर आणू नका. ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम वेगळं द्यावं लागतं.

सगळ्यात जड गेलं ते सासूबाईंना. नातीच्या भातावर तूप वाढायचं नाही, हे त्यांना शिक्षा केल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांनी त्यांनाही बोलावून ते फोटो दाखवले. त्यानंतर घरात काट्याचा सर्वांत कडक पहारा त्यांचाच. गणपतीत त्यांनी उकडीच्या मोदकांत खोबऱ्याऐवजी खजूर आणि गुळाचं सारण भरलं, उकड मळायला हाताला एमसीटीचे थेंब लावले. पाकळ्या नेहमीइतक्या नाजूक आल्या नाहीत म्हणून हळहळल्या. लेकीने दोन मागून घेतले.

काही आठवड्यांत शी घट्ट झाली, मग सूज उतरली. अल्ब्युमिन सावकाश वर आलं, सध्या ३ च्या आसपास असतं. पूर्ण नॉर्मल होईलच असं नाही, आणि हा आहार बहुधा कायमचा आहे. लग्नाकार्यात कुणी लाडाने बाकरवडीचा तुकडा दिला तरी पुढचे काही दिवस पोट सांगतं. आहाराने भागलं नाही तर ऑक्ट्रिओटाइडसारखी इंजेक्शनं आणि इतर औषधंही वापरतात, आम्हाला अजून गरज पडलेली नाही.

शाळेत बाईंकडे एक कागद देऊन ठेवलाय: डब्याबाहेरचं काही नाही, वाढदिवसाच्या केकऐवजी आम्ही दिलेली फळांची जेली, चिकू-केळी चालतात, वेफर नाही. त्याखाली ठळक अक्षरात: ताप आला, बोटं आखडली किंवा धाप लागली तर लगेच फोन. रोगप्रतिकारक पेशी कमी असल्यामुळे तिच्या साध्या तापालाही आम्ही अंगावर काढत नाही, आणि कुठलीही लस डॉक्टरांना विचारूनच देतो. बाईंनी तो कागद हजेरीच्या वहीत आतल्या बाजूला चिकटवला आहे आणि मदतनीस मावशींनाही वाचून दाखवला आहे.