सातेरीची पेटी आणि गांधीलमाशी

पावसाची झड ओसरून उघडीप मिळू लागली की सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, पेटीसमोर एक जड घरघर ऐकू येते. माश्यांच्या नेहमीच्या गुणगुणीहून ती खालच्या सुरातली आणि तुटक असते. ही गांधीलमाशी. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात पेट्यांवर येणारी नेहमीची जात म्हणजे व्हेस्पा ट्रॉपिका: काळपट अंग आणि पोटावर एकच रुंद पिवळा-नारिंगी पट्टा. बारीक कमरेची, मातीची मडकी करून त्यात अळ्या साठवणारी कुंभारीण वेगळी. तिचा पेटीला काही त्रास नाही, उगाच मारू नका. ट्रॉपिकाचं मुख्य खाणंही खरं तर मधमाशी नव्हे, कागदी घरटी करणाऱ्या लहान गांधीलमाश्यांची पिल्लं. पण दारात आयती शिकार दिसली की ती सोडत नाही.

हल्ला कसा होतो ते एकदा नीट बघून ठेवावं. गांधीलमाशी दारासमोरच्या फळीवर उतरते किंवा समोर तरंगत राहते, परतणारी दमलेली माशी पकडते आणि जवळच्या फांदीवर जाते. तिथे एका मागच्या पायावर लोंबकळत शिकारीचं डोकं, पंख, पाय आणि पोट कापून टाकते. उरतो छातीचा भाग, म्हणजे उडण्याचे स्नायू. त्याचा चावून गोळा केला की तो घरट्यातल्या अळ्यांना. पेटीजवळच्या झुडपाखाली सुटी डोकी आणि पंख पडलेले दिसले तर हे काम वेड्या राघूचं नाही. तो माशी फांदीवर आपटून अख्खी गिळतो.

दिवसाला पाच-पंचवीस माश्या गेल्या तरी सशक्त वसाहत ते सोसते. खरं नुकसान दहशतीचं. दारात गांधीलमाशी बसून राहिली की कामकरी माश्या बाहेर पडायचं थांबवतात. पराग येत नाही, राणीची अंडी कमी होतात, साठा आटतो, आणि सातेरीचा स्वभावच असा की एका मर्यादेनंतर ती पेटी सोडून निघून जाते. सकाळी झाकण उघडावं तर रिकामी पोळी आणि मागे राहिलेला थोडा पिलावा, म्हणजे अंडी-अळ्या. गांधीलमाशीनं वसाहत खाल्ली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती हाकलली गेलेली असते.

सातेरीला स्वतःचा बचाव येतो, हे विसरू नये. आधी दारातल्या माश्या एकत्र अंग हलवून लाट उठवतात. तरी गांधीलमाशी जवळ आली तर शेकडो माश्या तिच्याभोवती गच्च गोळा करून तिला तापवतात. जपानमधल्या सातेरीच्या भावंडांवर झालेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. गोळ्याच्या आत तापमान ४६-४७ अंशांवर जातं. तिथल्या राक्षसी गांधीलमाशीला ४४ ते ४६ अंश सोसत नाहीत, मधमाशी मात्र ४८ ते ५० पर्यंत तग धरते. व्हिएतनाममधल्या सातेरी तर दाराभोवती जनावरांच्या शेणाचे ठिपके लावतात. सारवण आपल्याच आज्यांना सुचलं असं नाही! पण हे सगळं करायला दारात माणूसबळ, म्हणजे माशीबळ, लागतं. तीन-चार फ्रेमवर, म्हणजे पोळ्यांच्या चौकटींवर, आलेली वसाहत गोळा करायला माश्या कुठून आणणार? म्हणून दोन दुबळ्या पेट्या ओढत नेण्यापेक्षा पावसाळ्याआधीच त्या एक केलेल्या बऱ्या. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशी, पाळणाऱ्यांनी तर जास्तच सावध असावं. तिला हा एकजुटीचा डाव सातेरीइतका जमत नाही.

आपलं पहिलं काम दार लहान करणं. बाकी सगळं त्यानंतर. दाराची उंची साडेपाच मिलिमीटर ठेवा, लांबी पाच-सहा सेंटिमीटर, भरलेल्या वसाहतीला आठ-दहा. मोजायला पट्टी घेऊन बसू नका: साडेपाचचं ड्रिल बिट फटीतून जायला हवं, सहाचं अडकायला हवं. एवढ्यातून कामकरी आणि नर सहज जातात, मोठी गांधीलमाशी जात नाही. दार लहान करणारी पट्टी पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची करा. लाकडाची कड गांधीलमाशी कुरतडून रुंद करते, आणि पावसात लाकूड फुगलं की तीच फट आपल्याच माश्यांना अडते. लहान दारात मेलेल्या माश्या अडकून बोळा बसतो, म्हणून दोन-तीन दिवसांनी वाकवलेल्या तारेनं दार साफ करायचं.

दार धाकटं केलं तरी समोर तरंगणारी गांधीलमाशी हटत नाही. तिच्यासाठी जाळीचा पिंजरा. फ्रान्समध्ये २००४ च्या सुमारास आशियाई गांधीलमाशी पोचल्यावर तिथल्या मधपाळांनी हा उपाय रुळवला. हार्डवेअरच्या दुकानात पाव इंची वेल्डमेश मिळते. तिचा मधपेटीच्या दर्शनी बाजूएवढा, पंधरा-वीस सेंटिमीटर खोल, खालूनही बंद असा पिंजरा वाकवून दारासमोर बसवायचा. माश्या जाळीच्या कुठल्याही भोकातून ये-जा करतात, त्यामुळे एका जागी दबा धरण्यात अर्थ राहत नाही. पिंजरा संध्याकाळी, उड्डाण थांबल्यावर बसवा. पहिला एक-दोन दिवस माश्या बावचळतात. कडेला बोटभर फट राहिली तर मात्र गांधीलमाशी आत शिरते आणि कोंडलेल्या माश्यांवर ताव मारते. अर्धवट पिंजऱ्यापेक्षा नसलेला बरा.

राणीला अडवणारी जाळी लावून वसाहत पळू न देण्याचा उपाय दोन-तीन दिवसांपुरताच. तिच्यात नर अडकतात, पायांवरचा पराग गळतो, आणि कारण तसंच राहिलं तर माश्या कुढत बसतात.

पावसाळ्यात साखरपाणी द्यावंच लागतं आणि तिथेच चुका होतात. साखर आणि पाणी समप्रमाणात, पेटीच्या आत, दिवस मावळल्यावर, रात्रीत संपेल एवढंच. फळीवर सांडलेला एक थेंब मुंग्यांना आणि गांधीलमाश्यांना सारखंच आवतण देतो. स्टँडच्या पायांखालच्या वाट्यांत पाणी आहे ना, तेही तेव्हाच बघा.

बाटलीच्या सापळ्याचं कौतुक जरा जास्तच होतं. लिटरची बाटली वरच्या तिसऱ्या भागात कापून तोंड उलटं बसवायचं. आत अर्धा पेला बियर, दोन चमचे साखर, चमचाभर व्हिनेगर. व्हिनेगर मधमाशीला दूर ठेवतं. मध मात्र आमिषात कधीच घालू नये. सापळा पेट्यांपासून दहा-पंधरा मीटर लांब टांगा. चार दिवसांनी आत बघा: गांधीलमाश्यांऐवजी पतंग आणि इतर माश्याच जास्त दिसल्या तर उतरवून टाका. आमिषात विष कालवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते विष पुढे कोण खाईल यावर आपला ताबा नसतो.

त्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं डास मारायची रॅकेट घेऊन उभं राहिलेलं चांगलं. झटक्यानं गांधीलमाशी नुसती बधिर होते, काही मिनिटांत उठते. पेटीपासून दूर नेऊन टाचेखाली घ्या. घरट्याजवळ हे करू नका, चिरडलेल्या गांधीलमाशीच्या विषाच्या वासानं बाकीच्या चवताळतात. घरटं सापडलं तरी रॉकेल-पेट्रोल घेऊन धावू नका, जाणकाराला बोलवा. गांधीलमाशीचा काटा मोडत नाही, ती पुन्हापुन्हा डसते. खूप दंश झाले तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. श्वास अडला, ओठ सुजले, चक्कर आली तर चुना-कांदा न लावता थेट दवाखाना.

आठवडाभर गांधीलमाशी फिरकली नाही की पिंजरा काढा. दाराची पट्टी राहू द्या, फुलोरा सुरू होईपर्यंत. मग एखाद्या सकाळी दारासमोरच्या फळीवर परागाच्या पिवळ्या गोळ्या सांडलेल्या दिसतात. दार आता अरुंद पडतंय, पट्टी उतरवा.