खजिन्याच्या पेटीचे झाकण

खजिन्याच्या पेटीत सुतारकामाची खरी परीक्षा झाकणात होते. चार बाजू आणि तळ तर कोणत्याही पेटीला असतात. पण मुलांच्या मनातली खजिन्याची पेटी म्हणजे वर फुगीर, कमानदार झाकण, पितळी कडी आणि कुलूप. नातीने पाचव्या वाढदिवसाला तशीच पेटी मागितली, तेव्हा मी आराखडा झाकणापासूनच काढायला घेतला आणि लाकूड कोणते, बिजागऱ्या कशा, कुलूप कसले हे पुढचे बहुतेक निर्णय त्या झाकणानेच ठरवले.

पेटीच्या अंगासाठी लाकूड घरातच होते. कोकणातल्या आमच्या घराची डागडुजी करताना सागवानी दरवाजांच्या फळ्या माळ्यावर ठेवल्या होत्या. जुना साग कामाला उत्तम, कारण तो पूर्ण वाळलेला असतो, त्याच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही आणि पावसाळ्यात तो फारसा फुगत नाही. मात्र सालीकडचे फिके लाकूड कापून टाकावे, कारण कीड तिथूनच शिरते. त्याहूनही महत्त्वाचा प्रश्न जुन्या रंगाचा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत असावे, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्यापूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे नसेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून तो रंग मी कोरड्या पॉलिश पेपरने घासला नाही. तोंडाला मास्क बांधून, अंगणात, खरवडून काढला, पापुद्रे आणि भुसा पिशवीत भरून वेगळा ठेवला आणि मगच फळ्यांवर रंधा धरला. सागात सिलिका असते, त्यामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते. पाते वरचेवर परजण्याची तयारी ठेवूनच या लाकडाला हात घालावा.

झाकणासाठी मात्र साग नको, असे मी ठरवले. ४५ सेंटिमीटर लांब आणि २८ सेंटिमीटर रुंद पेटीचे १२ मिलिमीटर जाडीचे कमानदार झाकण सागाचे केले, तर ते साधारण १.३ किलो भरते; शिवण या झाडाच्या लाकडाचे केले तर एक किलोच्या आसपास. पाच वर्षांच्या हातांना हा फरक जाणवतो, आणि झाकण बोटांवर आदळले तर तो फारच जाणवतो. शिवणीचे लाकूड हलके, फिकट पिवळसर आणि हवेतल्या ओलाव्याने कमी हलणारे असते. ढोलकी-वीणेसारख्या वाद्यांसाठी ते वापरतात ते उगाच नव्हे. खाली तपकिरी साग आणि वर फिकट शिवण ही रंगसंगतीही मला मनापासून आवडली.

कमान करण्यासाठी लाकूड वाकवावे लागत नाही. लाकडी पिंप ज्या रीतीने जोडतात त्याच रीतीने अरुंद पट्ट्यांच्या कडा तिरक्या तासून त्या शेजारी शेजारी चिकटवल्या की कमान आपोआप उभी राहते. हिशेब सोपा आहे. रुंदी २८ सेंटिमीटर आणि कमानीची उंची ७ सेंटिमीटर घेतली, तर त्या वर्तुळाची त्रिज्या १७.५ सेंटिमीटर येते. कमानीने केंद्राशी केलेला कोन सुमारे १०६ अंशांचा होतो. त्याचे आठ भाग केले की प्रत्येक पट्टीच्या वाट्याला सव्वातेरा अंश येतात, म्हणजे दोन्ही कडांना प्रत्येकी साडेसहा अंशांहून किंचित जास्त उतार आणि बाहेरच्या बाजूला चार सेंटिमीटर रुंदी. हा उतार नजरेने साधत नाही. मी त्या कोनाचा एक लांब ठोकळा करून घेतला, पट्टी त्यावर टेकवून रंधा मारला आणि प्रत्येक कड पुठ्ठ्याच्या साच्याला लावून पाहिली.

आठही पट्ट्या एकदम चिकटवण्याचा मोह टाळावा. आधी दोन-दोनच्या जोड्या कराव्यात, त्या सुकल्या की जोड्यांना जोड्या लावाव्यात. गोल कामाला शिकंजा नीट बसत नाही. त्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून ताणून गुंडाळल्या की सगळीकडे सारखा दाब पडतो. दोन्ही टोकांना कमानीच्या आकाराच्या फळ्या बसवल्यावर बाहेरचे कंगोरे लहान रंध्याने उतरवले आणि मग पॉलिश पेपर फिरवला.

अंगाच्या कोपऱ्यांना मी हाताने कापलेले डव्हटेल सांधे, म्हणजे पाचरीच्या आकाराचे, एकमेकांत अडकणारे दाते, घातले, कारण मूल पेटी ओढणार, तिच्यावर बसणार आणि कधीतरी ती उलटीही करणार. सागात नैसर्गिक तेल असल्यामुळे फेव्हिकॉल लावण्यापूर्वी सांध्यावरून थिनरचा बोळा फिरवावा, नाहीतर पकड कच्ची राहते. तळाची फळी चारी बाजूंच्या खाचेत नुसती सरकवली आहे, तिला डिंक लावलेला नाही. पावसाळ्यात ती थोडी फुगली तरी तिला जागा राहते आणि पेटीचे कोपरे उकलत नाहीत.

आता कुलूप. ‘आपोआप लागणारे कुलूप हवे’, असा नातीचा आग्रह होता आणि त्याला मी ठाम नकार दिला. अमेरिकेत १९१२ ते १९८७ या काळात बनलेल्या सुमारे १ कोटी २० लाख लाकडी पेट्यांची कुलपे १९९६ मध्ये बदलण्यासाठी परत मागवण्यात आली, कारण झाकण पडताच ती लागत, आतून उघडत नसत, आणि आत लपलेली मुले गुदमरून दगावली होती. आमच्या पेटीत पाच वर्षांचे मूल मावणार नाही; तरीही मुलांच्या पेटीला असे कुलूप लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी बाहेरून पितळी कडी-कोयंडा लावला आणि त्यात एक छोटे कुलूप अडकवले. ते मुद्दाम लावल्याशिवाय लागत नाही.

झाकणाला साखळी बांधण्याची पद्धत आहे, पण साखळी झाकणाला मागे कलंडू देत नाही एवढेच. पुढे पडण्यापासून ती बोटांना वाचवत नाही. म्हणून झाकण जिथे सोडाल तिथेच धरून ठेवणारा आधार, दुकानदार ज्याला लिड स्टे म्हणतात, तो आतल्या बाजूला बसवला. शिवाय समोरच्या फळीच्या वरच्या कडेला दीड सेंटिमीटर खोल अर्धगोल खाच कोरली आहे. झाकण मिटलेले असतानाही तिथे बोटे सुखरूप राहतात आणि पेटीत हवा खेळते.

आतून जवसाचे तेल लावू नये. बंद पेटीत त्याचा खवट वास वर्षानुवर्षे राहतो. मी आतबाहेर चपडा लाखेचे पॉलिश केले. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून, कापसाच्या बोळ्याला मऊ सुती कापड गुंडाळून, पातळ हात फिरवत राहायचे. स्पिरिट उडून गेले की उरते ती निव्वळ लाख, जी गोळ्या-औषधांवर आणि मिठाईवरही चढवतात. पाण्याचे डाग तिच्यावर पडतात हे खरे, पण डाग पडलेल्या जागी पुन्हा बोळा फिरवला की नवा थर जुन्यात मिसळून जातो.

माझ्या आजेसासूबाईंच्या फणेरपेटीत कुंकू, मेण आणि फणीच्या कप्प्यांखाली एक चोरकप्पा आहे. नातीला त्याचे फार वेड आहे, म्हणून या पेटीतही तळावर दोन बोटे उंच एक सरकती फळी ठेवून तसा कप्पा केला. तो कसा उघडतो ते तिला सांगितलेले नाही, शोधू दे. सध्या पेटीत चिंचोके, सागरगोटे, मोरपीस आणि गुहागरच्या किनाऱ्यावरचे शिंपले आहेत. तिने गुंजाही मागितल्या होत्या, पण गुंजेचे बी फोडून किंवा चावून पोटात गेले तर जीवघेणे ठरते, त्यामुळे त्या मी दिल्या नाहीत. तिचा धाकटा भाऊ अजून दीड वर्षाचा आहे आणि हाती येईल ते तोंडात घालतो. म्हणून ते छोटे कुलूप रोज लावले जाते, आणि किल्ली सध्या नातीच्या आईकडे असते.