कोन चुकला की जहाज गेलं

टेबलावर सागरी लढाई खेळण्यासाठी ट्रायरीमचं, म्हणजे तीन रांगांत वल्ही असलेल्या प्राचीन ग्रीक युद्धनौकेचं, मॉडेल डब्यातून निघालं की डोलकाठी चिकटवायचा मोह आधी आवरावा. शिडासकट जहाज देखणं दिसतं, यात वाद नाही. पण ग्रीक आरमार लढाईला निघताना मोठी शिडं शक्यतो किनाऱ्यावरच ठेवी. लढायचं ते वल्ह्यांवर. शिवाय टेबलावर डोलकाठी दिसली की खेळणारा तीच चिमटीत धरून जहाज उचलतो, आणि ती हमखास मोडते. त्यापेक्षा खाली ३ मिलिमीटर जाडीचा, २० बाय ४० मिलिमीटरचा बेस लावावा आणि त्याची कड धरून जहाज सरकवावं.

१:१२०० या प्रमाणात सुमारे ३७ मीटरचं ट्रायरीम जेमतेम ३१ मिलिमीटरचं होतं. धातूच्या मॉडेलला वल्ह्यांच्या फटींत ओतकामाचा पापुद्रा राहतो. तो प्रायमर (अस्तराचा रंग) मारण्याआधीच काढावा, नंतर कोरायला गेलं की रंगही निघतो. १७० वल्ही एकेक करून रंगवत बसू नये. गडद तपकिरी पातळ रंग फटींत जिरू द्यावा, वाळला की कोरड्या ब्रशने फिका रंग वरून फिरवावा. हातभर अंतरावरून एवढंच दिसतं.

रंगापेक्षा महत्त्वाचं आहे अंतर. १८० सेंटिमीटरचं टेबल म्हणजे या प्रमाणात २१६० मीटर समुद्र. १९८७ साली पाण्यात उतरलेली ‘ऑलिंपियास’ ही ट्रायरीमची प्रतिकृती थोड्या वेळापुरती सुमारे ९ नॉटपर्यंत (ताशी जवळपास १७ किलोमीटर) पोचली होती. म्हणजे एक फेरी एका मिनिटाची धरली, तर जीव तोडून वल्हवलेलं जहाज साधारण २३ सेंटिमीटर जातं. नियमांत याच्या दुप्पट चाल दिली की दोन्ही आरमारं लगेच एकमेकांत घुसतात आणि डावपेचांना जागाच उरत नाही.

खरी भांडणं होतात वळण्यावरून. कुणी बेस मध्यावर फिरवतं, कुणी पुढच्या कोपऱ्यावर. ४५ अंशांच्या एकाच वळणात जहाजाचं तोंड या दोन पद्धतींत दीड सेंटिमीटरहून जास्त अंतराने वेगळं पडतं, आणि धडक बसली की हुकली हे तेवढ्यावर ठरतं. पद्धत आधी ठरवावी, पुठ्ठ्याचा ४५ अंशांचा तुकडा कापून ठेवावा. डोळ्यांनी मोजलेला कोन नेहमी मोजणाऱ्याच्याच बाजूचा असतो.

जहाजाच्या नाकाडावरची कांस्याची चोच शत्रूच्या कुशीत घुसवली तरी काम अर्धंच झालेलं असतं. ती उलटं वल्हवून बाहेर काढावी लागते. त्यासाठी पुढच्या फेरीत फासा टाकायचा. नाही निघाली तर अडकलेल्या जहाजाची स्वतःची कूस उघडी. नवखा खेळाडू सगळी जहाजं एकाच फेरीत धडकवतो आणि मग राखीव काही उरत नाही.

हे शिकायला सालामिसची प्रसिद्ध सागरी लढाई नको, गर्दी फार. इ.स.पू. ४२९ मध्ये अथेन्सचा नौदल सेनापती फोर्मिओ याने २० जहाजांनिशी पेलोपोनीझच्या, म्हणजे स्पार्टाच्या गोटातल्या, ४७ जहाजांना गाठलं, ती लढाई घ्यावी. समोरच्यांनी तोंडं बाहेर करून वर्तुळ केलं. मध्ये लहान होड्या आणि पाच वेगवान जहाजं. उरलेली ४२ जहाजं २० मिलिमीटरच्या बेसवर पिछाडीला पिछाडी भिडवून मांडली, तर आतली जागा जेमतेम २७ सेंटिमीटर व्यासाची होते. त्यात ती पाच जहाजं ठेवून बघा, म्हणजे फोर्मिओ धडक न देता नुसता भोवती का फिरत राहिला ते कळतं. त्याला पहाटेच्या वाऱ्याची वाट होती. वारा सुटला, जहाजं एकमेकांवर आदळली, माणसं काठ्यांनी ती ढकलू लागली आणि तेव्हाच तो तुटून पडला. टेबलावर दर फेरीला वाऱ्याचा फासा टाकावा. सहा पडले की एका बाजूची जहाजं ३ सेंटिमीटर आत सरकवायची आणि बेसला बेस लागेल त्या जहाजाची एक फेरी बुडवायची. पेलोपोनीझकडून खेळणाऱ्याला हा अन्याय वाटतो. आहेच तो, पण वर्तुळ त्यानेच केलेलं असतं.

रोमन आले की सगळाच नूर पालटतो. इ.स.पू. २६० मध्ये सिसिलीतल्या मिली इथल्या लढाईत त्यांनी खाली खिळा असलेला पूल कार्थेजच्या जहाजांच्या डेकवर आपटला आणि समुद्रावर जमिनीची लढाई केली. अथेन्सच्या ट्रायरीमवर साधारण १० हॉपलाइट (भाला-ढालवाले सैनिक) आणि ४ तिरंदाज असत. कार्थेजविरुद्धच्याच एक्नोमसच्या लढाईत मात्र एकेका रोमन जहाजावर १२० सैनिक होते. अशा डावात कार्थेजला भरपूर मोकळं पाणी द्यावं, टेबल शक्य तितकं रुंद घ्यावं. नाहीतर पूल पडले की उरतात ते नुसते फासे, आणि त्यासाठी एवढी जहाजं रंगवायची गरज नव्हती.