आधी काय काढाल?

"ग्रंथालयात लोक यावेत, आले तर रेंगाळावेत, यासाठी आम्ही काय आणावं?" हा प्रश्न मला वरचेवर ऐकावा लागतो. कधी नुकताच रुजू झालेला ग्रंथपाल विचारतो, कधी समितीवरचं कोणी. विचारणाऱ्याच्या मनात यादी तयारच असते: सोफे, रंगीत भिंती, टचस्क्रीन. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, यावर मी उलटा प्रश्न करते. आधी काय काढाल?

एका ग्रंथालयाने मला बघायला बोलावलं होतं. आत जाण्याआधी दारावरचे कागद मोजले. अकरा भरले. त्यातले आठ 'नये' किंवा 'मनाई आहे' या शब्दांवर संपत होते. एक तर दोन वर्षांपूर्वीच्या सुट्टीचा होता. ग्रंथालय किती वाजता उघडतं हे दहाव्या कागदावर, पिवळ्या पडलेल्या सेलोटेपखाली. ग्रंथपाल म्हणाले, "मॅडम, एवढं लिहूनसुद्धा कोणी वाचत नाही." एवढं लिहिल्यावर वाचणार कोण? अशा प्रत्येक कागदामागे एक प्रसंग असतो. कोणीतरी एकदा ओली छत्री टेबलावर ठेवतं आणि पुढची वीस वर्षं सगळ्या गावाला तंबी मिळते.

दार उघडलं की समोर काउंटर. हा असा आडवा का बसलाय, त्याला कारण आहे. एके काळी वाचकाला कपाटांपर्यंत जाऊच देत नसत. भल्या मोठ्या फळ्यावर पुस्तकांचे आकडे असत, रंगावरून पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय ते कळे, आणि मग चिठ्ठी देऊन थांबायचं. १८९४ मध्ये लंडनच्या क्लर्कनवेल भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयात तिथले ग्रंथपाल जेम्स डफ ब्राउन यांनी वाचकांना थेट कपाटांपाशी सोडलं. मुक्तद्वार पद्धत म्हणतात ती हीच. चोरीची धास्ती मात्र होतीच, म्हणून काउंटरच्या एका बाजूच्या फाटकातून आत यायचं आणि दुसऱ्या बाजूच्या फाटकातून बाहेर पडायचं. पुढे फाटकं बहुतेक ठिकाणची गेली. काउंटर पहाऱ्याच्या जागेवरून हलला नाही.

तो बाजूला घ्या. समोर आधी पुस्तकं दिसू देत, आपण नंतर दिसलो तरी चालतं. दुसरं म्हणजे, दारातून आत आलेला माणूस पहिली काही पावलं काही बघतच नाही. डोळे उजेडाला सरावत असतात, पिशवी सावरायची असते. दुकानांत गिऱ्हाइकांच्या मागे फिरून निरीक्षणं करणाऱ्या पाको अंडरहिल यांनी हे फार पूर्वी सांगितलंय. दाराला खेटून जे मांडाल ते वाया जातं. आणि आपण नेमका तिथेच नव्या पुस्तकांचा स्टँड ठेवतो! चार पावलं आत सरकवून बघा. हातगाडी आणि दोन माणसं, एवढाच खर्च.

(दुकानाचा दाखला दिला की कोणीतरी तडकतं: "वाचक म्हणजे काय गिऱ्हाईक?" नसेल. पण 'वाचकाचा वेळ वाचवा' हे ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथं सूत्र आहे. त्यासाठी दुकानाकडून काही उचललं तर मला कमीपणा वाटत नाही.)

पाट्यांबाबत मी स्वतः तोंडघशी पडले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात हौसेने पाट्या करून घेतल्या, वळणदार अक्षरांच्या, मरून रंगावर सोनेरी. 'देवघेव विभाग', 'नियतकालिके', 'संदर्भ कक्ष'. आठच दिवसांत एक आजोबा 'देवघेव विभाग' या पाटीच्या बरोबर खाली उभे राहून मला म्हणाले, "बाई, पुस्तक परत कुठे करायचं?" मी बोटाने पाटी दाखवली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि परत विचारलं, "हो, पण परत कुठे करायचं?" चूक त्यांची नव्हती. देवघेव हा आमच्या कामाचा शब्द. त्यांचं काम पुस्तक परत करण्याचं होतं. ती पाटी उतरवली आणि दोन लावल्या: 'पुस्तक परत करा', 'पुस्तक घरी न्या'. दिवसभरात तोंडाला जरा विसावा मिळू लागला.

तेव्हापासून पाटी लिहिताना मी आमचा शब्द बाजूला ठेवते आणि वाचक टेबलाशी येऊन काय म्हणतो ते लिहिते. 'नियतकालिके' नव्हे, 'मासिकं आणि वर्तमानपत्रं'. 'प्रसाधनगृह' ही पाटी मात्र शब्दापेक्षा जागेमुळे फसते, कारण ती त्या दारावरच असते आणि दार कुठे ते कोणालाच माहीत नसतं. जिथे माणूस डावीकडे जावं की उजवीकडे असा घुटमळतो, तिथे पाटी हवी, बाणासकट. अक्षरांचा ढोबळ हिशोब असा की तीन मीटरवरून वाचायचं तर अक्षराची उंची निदान अडीच सेंटिमीटर हवी. देवनागरीत मी त्याहून थोडी मोठीच घेते, नाहीतर लांबून वेलांट्या आणि उकार अक्षरात मिसळतात. सोनेरी अक्षरांचं नावच काढू नका. दिवा लागला की ती चमकतात, वाचता येत नाहीत.

आता मांडणी. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

एक गृहस्थ हातात चिठ्ठी घेऊन रॅकमध्ये उभे होते. संगणकावर 'मधुमेह' शोधून त्यांनी वर्गांक, म्हणजे पुस्तकाच्या विषयाचा आकडा, नीट उतरवून घेतला होता: ६१६.४६२. बराच वेळ झाला तरी हलेनात म्हणून मी जवळ गेले. ते ६१६.५ च्या पुढे शोधत होते. बरोबरच आहे, पाचापेक्षा चारशे बासष्ट मोठेच की! दशांश चिन्हानंतरचा आकडा तसा वाचायचा नसतो, ६१६.४६२ हे ६१६.५ च्या आधी येतं, हे आम्हाला शिकवलेलं असतं. त्यांना कोणी शिकवावं? पुस्तक मिळालं. मग म्हणाले, "यात पथ्याच्या पाककृती नाहीत का?" आहेत, पण त्या ६४१.५६३१४ ला. म्हणजे आजाराकडून स्वयंपाकघराकडे जाताना वाटेत पूल बांधणी, मोटारगाड्या, शेती आणि कुत्री एवढं सगळं ओलांडायचं. अमेरिकी ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये आखलेल्या या आकड्यांच्या रचनेत याला तर्क आहे. एक वैद्यक, दुसरं गृहव्यवस्थापन. आजारी माणसाला तो तर्क घेऊन काय करायचंय?

यावर काहींनी वर्गांकालाच सुट्टी दिली. अमेरिकेत ॲरिझोनातल्या गिल्बर्ट गावी २००७ मध्ये एक शाखा ड्युई पद्धतीशिवाय उघडली. पुस्तकांच्या दुकानासारखे विषय मांडले, शब्दांत. माझं मत विचाराल तर एवढं टोक गाठू नये. पुस्तकाला पक्का पत्ता लागतो, नाहीतर परत आलेलं पुस्तक जागेवर ठेवणाऱ्याचे हाल होतात. पण पत्ता ही आमची सोय. ती पुस्तकाच्या पाठीवर बारीक अक्षरात राहू द्या आणि रॅकच्या तोंडावर मोठ्याने 'आजार आणि उपचार' लिहा. मधुमेहाची पुस्तकं आणि पथ्याचा स्वयंपाक एका फळीवर आणला तर काय बिघडतं? तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, तशी नोंद करा, झालं. आम्ही केलं. पथ्याच्या ज्या पुस्तकाला वर्षभर कोणी हात लावला नव्हता, त्यासाठी नंबर लावून थांबावं लागू लागलं.

आणि पुस्तकाचं तोंड दाखवा. उभ्या पुस्तकाची दिसते ती दोन बोटं रुंद पाठ. त्यातही एका भाषेत पाठीवरची अक्षरं वरून खाली छापतात, दुसऱ्या भाषेत खालून वर. मिश्र कप्प्यासमोर उभ्या माणसाची मान बघा, आधी या खांद्यावर, मग त्या. प्रत्येक फळीवर निदान एक पुस्तक मुखपृष्ठ पुढे करून ठेवा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची फळी रिकामी सोडा. वरच्या फळीला हात पोचत नाही, आणि खालच्या फळीसाठी गुडघे टेकावे लागतात.

इथे सगळे अडतात. "मॅडम, जागाच नाही." म्हणून तर म्हणते, आधी काढा. ग्रंथालयांच्या वापराचा अभ्यास करणाऱ्या रिचर्ड ट्रूस्वेल यांनी १९६९ मध्येच मांडलं होतं की साधारण ८० टक्के देवघेव २० टक्के पुस्तकांतूनच होते. उरलेली सगळी फेकून द्या असा याचा अर्थ नाही. दुर्मीळ पुस्तकं वेगळी, त्यांना हात लावायचा नाही. पण जुन्या परीक्षांचे मार्गदर्शक, कालबाह्य कायद्यांच्या सहा-सहा प्रती, आता कुठेही न चालणाऱ्या संगणक प्रणालीची ओळख, हे कोणासाठी धरून बसलो आहोत? 'निर्लेखन', म्हणजे नको झालेली पुस्तकं नोंदीतून काढून टाकणं, हा शब्द उच्चारला की समितीत शांतता पसरते. दाखलांक, म्हणजे नोंदवहीतले पुस्तकांचे क्रमांक, कमी झाले तर संस्था लहान झाल्यासारखी वाटते. गच्च भरलेल्या रॅकमधून ओढून काढलेल्या पुस्तकाची पाठ फाटते, ती मात्र कुठल्याच अहवालात येत नाही.

बसण्याच्या जागेबद्दल थोडक्यात. पाठीला भिंत, बाजूला खिडकी आणि हाताशी प्लग असलेली खुर्ची आधी भरते. हॉलच्या मधोमध मांडलेली कितीही महाग असो, ती शेवटी. चाकाच्या खुर्चीला दोन रॅकमध्ये निदान ९० सेंटिमीटर वाट लागते आणि वळायला दीड मीटर. टेप घेऊन स्वतः मोजा, नकाशावर विसंबू नका. फिनलंडमधल्या हेलसिंकीत २०१८ मध्ये उघडलेल्या ऊडी ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर रॅक बुटके आहेत, नजर थेट पलीकडपर्यंत जाते. तसा मजला आपल्याला मिळणार नाही, पण खिडकीला पाठ लावून उभं असलेलं एक उंच कपाट हलवता येईल.

ते अकरा कागदांचं दार मी परवा पुन्हा पाहिलं. आता तिथे एकच पाटी आहे, मोठ्या अक्षरांत, उघडण्याची आणि बंद होण्याची वेळ. तिच्या खाली पेनाने कोणीतरी लिहिलं होतं: 'कृपया छत्र्या आत आणू नयेत.' ग्रंथपाल माझ्याकडे बघून ओशाळले आणि खिशातून रुमाल काढून पुसायला लागले. शाई पक्की होती.