आजोबांच्या कपाटातला पारा

आमचे आजोबा वैद्य होते. वाड्याच्या पुढच्या खोलीत त्यांचा दवाखाना होता आणि ते गेल्यावरही त्यांचं औषधांचं कपाट कोणी हलवलं नव्हतं. वाडा उतरवायचं ठरलं तेव्हा ते रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. खल, गंधकाचे खडे, हिंगुळाच्या पुड्या, आणि सगळ्यात मागे बूच लावलेली एक लहानशी काचेची बाटली. उचलताना वजनानेच कळलं की आत पारा आहे. १०० मिलिलीटर पारा जवळपास १ किलो ३५० ग्रॅम भरतो. बूच वाळून चिरलं होतं. शेजारी रक्तदाब मोजायचं जुनं, काचेच्या नळीचं यंत्र होतं. ते झिरपलं होतं, त्याच्या पेटीच्या अस्तरात आणि खालच्या फळीवर बारीक रुपेरी थेंब पसरले होते. साध्या थर्मामीटरमध्ये पारा अर्धा ते दीड ग्रॅम असतो, अशा यंत्रात साधारण ८० ते १०० ग्रॅम.

आत्या म्हणाली, "अगं, दादांच्या दवाखान्यात आम्ही तळहातावर खेळवायचो की पारा. काय झालं आम्हाला?" तिचं म्हणणं बहुतेक घरांत ऐकू येईल, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. धातुरूप पारा कातडीतून फारसा आत जात नाही. गिळला तरी त्याचा अगदी नगण्य भाग, ०.०१ टक्क्याहूनही कमी, शरीरात शोषला जातो. धोका आहे तो त्याच्या वाफेचा. ती दिसत नाही, तिला वास नाही, आणि श्वासातून आत गेलेल्या वाफेतला सुमारे ८० टक्के पारा फुप्फुसांतून थेट रक्तात उतरतो. तिथून मेंदूत आणि मूत्रपिंडात. २० अंश सेल्सिअसला बंद जागेतली हवा पाऱ्याच्या वाफेने पुरती भरली तर एका घनमीटरमध्ये १३ मिलिग्रॅमच्या आसपास पारा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने वर्षभराच्या सरासरीसाठी सांगितलेली पातळी १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे त्याच्या हजारो पटींनी कमी. तापमान दहा अंशांनी वाढलं की वाफ दुपटीहून जास्त होते. आमच्याकडच्या वैशाखात पत्र्याखालच्या खोलीत काय होत असेल! हात थरथरणं, झोप उडणं, विसराळूपणा, चिडचिड, हिरड्या सुजणं ही दीर्घकाळ वाफ श्वासात गेल्याची लक्षणं आहेत आणि घरात ती सहज वयावर किंवा स्वभावावर ढकलली जातात. पाऱ्याची वाफ जमिनीलगत जास्त असते, त्यामुळे रांगणाऱ्या मुलाला धोका सगळ्यात जास्त.

रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आमच्या ओळखीचे. त्यांना फोन केला. त्यांनी पहिलंच सांगितलं, "झाडू लावायचा नाही, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच नाही." झाडूने एका थेंबाचे शंभर होतात आणि वाफ व्हायला तितकी जास्त जागा मिळते. व्हॅक्यूम क्लीनर पारा तापवून हवेत सोडतो. मुलांना आणि गरोदर वहिनीला काकांकडे पाठवलं. खोलीचं आतलं दार लावलं, रस्त्याकडच्या खिडक्या उघडल्या, पंखा बंद. अंगठी, बांगड्या काढून ठेवल्या, कारण सोन्याला पारा लागला की चिकटून बसतो. हातमोजे चढवले.

कामाला आल्या जुन्या लग्नपत्रिका. तो जाड, ताठ कागद थेंब ढकलत एकमेकांत मिसळायला अगदी योग्य. मोठे झालेले थेंब सुई काढलेल्या सिरिंजने ओढून घेतले, बारीक कण चिकटपट्टीने उचलले. टॉर्च जमिनीलगत आडवा धरला की एरवी न दिसणारे कणही चमकतात. शहाबादी फरशीच्या सांधींनी खरा वेळ खाल्ला. तिथे जे निघेना त्यावर गंधकाची पूड टाकून ठेवली. पारा आणि गंधक खलात घोटून काळी कज्जली करायची पद्धत आजोबांना पाठ होती. सांधीत तीच क्रिया होते, फक्त खल नसल्यामुळे फार सावकाश आणि अपुरी, त्यामुळे पूड टाकली म्हणजे काम झालं असं समजू नये. दुसऱ्या दिवशी ती पूड ओल्या कागदाने टिपून घेतली. यंत्राची पेटी, फळी, हातमोजे, पत्रिका, सगळं दुहेरी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलं. मोरीत काहीही धुतलं नाही. गटारातून नदीत गेलेल्या पाऱ्याचं गाळातले जीवाणू मिथिल पारा हे आणखी विषारी संयुग करतात आणि तो माशांतून माणसापर्यंत येतो. जपानमधल्या मिनामाताच्या लोकांनी जे भोगलं ते या मिथिल पाऱ्यामुळेच. तिथे कारखान्याच्या सांडपाण्यातून तो थेट समुद्रात गेला होता आणि १९५६ मध्ये तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला.

जमवलेला पारा जाड प्लॅस्टिकच्या, घट्ट फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत घातला, वर पाण्याचा थर दिला म्हणजे वाफ कमी होते. ती बाटली दुसऱ्या डब्यात. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं या कशाच्याही भांड्यात पारा ठेवू नये, तो त्या धातूला खातो. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: पारा, विषारी, उघडू नये. अंगणातल्या कुलपाच्या खोलीत, उन्हापासून लांब ठेवला.

मग गिऱ्हाइकं यायला लागली. गावात बातमी लपत नाही. भंगारवाल्याला यंत्राची पेटी हवी होती. एक जण पारद शिवलिंगासाठी विकत घ्यायला तयार होता. सराफकट्ट्यातून एका झारेकऱ्याचा निरोप आला. सोनाराच्या दुकानातली माती धुऊन त्यातलं सोनं पाऱ्याने पकडायचं आणि मग तापवून पारा उडवायचा, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. भाव चांगला मिळत होता. पण तो पारा उडणार कुठे? एखाद्या पत्र्याच्या खोलीत, आणि तिथे त्याची लेकरंही असणार. मी नाही म्हटलं आणि कारण त्याला समोर बसवून सांगितलं. पारा मूलद्रव्य आहे, जाळून, पुरून तो संपत नाही. आपल्या हातात एवढंच असतं, तो कुठे जाईल ते ठरवणं.

कोडाईकनालचं उदाहरण मी सगळ्यांना देत होते. तिथल्या थर्मामीटर कारखान्यातली पारा लागलेली फुटकी काच भंगारात विकली गेली, ते उघडकीला आल्यावर २००१ मध्ये कारखाना बंद झाला, आणि २००३ मध्ये तो कचरा जहाजाने अमेरिकेला पुनर्प्रक्रियेसाठी न्यावा लागला.

सरकारी वाट लांबची निघाली. एका कार्यालयात "सुक्या कचऱ्यात टाका" असं उत्तर मिळालं. मी तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांची प्रत पुढे ठेवली. त्यांत फुटलेले थर्मामीटर आणि आत थोडा पारा असणारे सीएफएल दिवे घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, आणि तो जमा करायला दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र उभारायचं काम स्थानिक संस्थेकडे दिलं होतं. आमच्याकडे असं केंद्र नव्हतं. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या विभागीय कार्यालयात लेखी अर्ज दिला. त्यात वस्तूंची यादी, अंदाजे वजन, फोटो. तिथल्या अधिकारी बाईंनी तो मन लावून वाचला. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथली सामायिक घातक कचरा केंद्रं मुख्यतः कारखान्यांचा माल घेतात, एका घराच्या एका बाटलीसाठी गाडी निघत नाही. त्यांनीच मार्ग सुचवला. जवळच्या शहरातलं एक रुग्णालय पाऱ्याची उपकरणं काढून डिजिटल बसवत होतं आणि त्यांचा पारा परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाणार होता. रुग्णालयाने आमचा डबा त्यात घ्यायचं मान्य केलं.

गाडी आली तेव्हा फॉर्म १० वर, म्हणजे घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या चलनावर, आमचा पारा आणि पिशव्या रुग्णालयाच्या मालाबरोबर चढल्या. पुढे अशा पाऱ्याचं ऊर्ध्वपातन करून तो शुद्ध करतात, किंवा गंधकाशी बांधून स्थिर सल्फाइडच्या रूपात सुरक्षित भूभरावात, म्हणजे घातक कचरा पुरायच्या खास जागेत, ठेवतात. हिंगुळ म्हणजे तोच सल्फाइड, हे आत्याला सांगितलं तेव्हा तिला फार बरं वाटलं.

त्यानंतर आईने गव्हाच्या कोठीतून पाऱ्याच्या म्हणून विकत आणलेल्या गोळ्या स्वतःहून काढून दिल्या. आता गव्हाला ऊन आणि कडुनिंबाचा पाला. आळीतल्या लोकांकडून जुने थर्मामीटर आणि सीएफएल येऊ लागलेत. ते न फोडता, मूळ खोक्यात किंवा झाकणाच्या डब्यात ठेवा, एवढंच सांगते. केंद्रासाठी आळीतल्या सह्यांचा अर्ज नगरपालिकेत दिला आहे, पोच माझ्याकडे आहे, आणि सर्वसाधारण सभेत तो विषय घ्यावा म्हणून आमच्या प्रभागाच्या नगरसेविकांना भेटणार आहे.