बीबी सुटला! (आणि गुनसानच्या सायकलसहलीचा बेत उलटा झाला)

सुटला एकदाचा! माझ्या सायकलच्या बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलांचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) उजवा कप, म्हणजे फ्रेममध्ये आट्यांनी बसणारी कडी, बाहेर आला. हिवाळाभर डोकं खाणारी ती कट-कट बीबीचीच होती. पेडल, सीटपोस्ट आणि चेनरिंगच्या बोल्टांवर उगाच आळ घेतला होता.

डावा कप आधीच निमूटपणे आला होता. उजवा मात्र ढिम्म. तिकडचे आटे उलटे, म्हणजे सोडायचा तो घड्याळाच्या दिशेने. त्यात टूल बसायच्या खाचा इतक्या उथळ की जोर लावला की टूल सटकतं आणि खाचा सोलून निघतात. सायकल दुकानातल्या साजांगनिमनी (मालकांनी) एकदा वाकून पाहिलं आणि नवी सायकल घ्यायचा सल्ला दिला. दांगुनवर (जुन्या वस्तू विकायच्या कोरियन ॲपवर) मिळालेल्या जुन्या हायब्रिड सायकलला मजुरी परवडणार नाही, हे त्यांचं म्हणणं हिशेबाने बरोबरच.

खरा गुन्हेगार कॅल्शियम क्लोराइड. इथे कोरियातल्या देजॉनमध्ये बर्फ पडणार असं दिसलं की रस्त्यावर पांढरे दाणे पडतात. मिठापेक्षा कितीतरी कडक थंडीत ते काम करतं, पण हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे रस्ता कोरडा दिसला तरी सायकलवर चिकटलेला थर ओलाच राहतो. ॲल्युमिनियमची फ्रेम, स्टीलचा कप आणि मध्ये हे खारं पाणी. एवढ्यावर आटे जाम व्हायला वेळ लागत नाही.

आता उपाय, कारण याच फेऱ्यात अडकलेले इथे आणखी आहेत. डब्ल्यूडी-४० ठेवा बाजूला. ते पाणी हटवायला छान, जाम आट्यांना पेनिट्रेटिंग ऑइलच हवं. सायकल उजव्या कुशीवर आडवी घाला आणि डावीकडच्या मोकळ्या भोकातून तेल सोडा. ते कार्ट्रिजच्या (बीबीच्या बंद नळकांड्याच्या) कडेने उतरून थेट आट्यांवर जातं. रात्रभर तसंच राहू द्या. मग टूल खाचांत बसवून त्यातून क्रँकचाच बोल्ट ओवायचा, खाली मोठा वायसर घालायचा आणि आवळायचं, म्हणजे टूलला सटकायला जागाच उरत नाही. त्यासाठी बाहेरून पाना बसणारं टूल घ्या. नुसतं रॅचेटवर चालणारं असेल तर बोल्ट ओवता येत नाही. वायसर कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याने डबा उपसून शोधून दिला, ऑनलाइन तो मापाचा मिळाला नसता. पान्याच्या दांड्यावर जुनी सीटपोस्ट चढवली आणि अंगाचा भार टाकला.

काड्कन आवाज झाला. फ्रेम गेली असंच वाटलं. पण कप फिरत होता! आट्यांत पांढरी भुकटी, वर तपकिरी गंज. ब्रशने साफ केल्यावर फ्रेमचे आटे शाबूत निघाले. शिमानोचा नवा यूएन३०० बीबी भरपूर ग्रीस लावून बसवला, पहिले फेरे नुसत्या बोटांनी. त्या बोटांच्या फेऱ्यांचं सुख ज्याने जाम कप काढलाय त्यालाच कळेल.

काल गाप्चॉन नदीच्या काठाने चाचणी झाली. चढावर उभं राहून पेडल मारलं तरी चिडीचूप. पुढच्या हिवाळ्यात दाणे पडले की ही सायकल घरात आणि मी शहराच्या ताशूवर (भाड्याच्या सार्वजनिक सायकलवर).

आता गुमगांग नदीकाठचा सायकलमार्ग. देचॉंग धरणापासून गुनसानच्या नदीमुखापर्यंत १४६ किलोमीटर, मुक्काम बुयोला, असं ठरलं होतं. पण हे लिहिताना वाऱ्याचा तक्ता उघडला, तर वसंतात वारा बहुतेक पश्चिमेचा. मग समुद्राकडे तोंड करून का झुंजायचं? सायकल बसच्या डिकीत टाकून आधी गुनसान गाठावं आणि पाठीवर वारा घेत घराकडे यावं. नदी उलट्या बाजूने चढते खरी, पण तो चढ पायांना कळतही नाही. वाटेतल्या ठाण्यांवर सायकल-पासपोर्टात मारायचे शिक्के मात्र उलट्या क्रमाने पडतील: सोंगदांगपो, बेक्जे, गोंग्जू, सेजोंग. पासपोर्टला त्याचं काही नसतं.

एकच गोची. पिवळी धूळही त्याच वाऱ्यावर येते. त्यामुळे तारीख हवेतल्या धुळीचा आकडा बघूनच ठरेल. कुणाला यायचं असेल तर मास्क आणि सुटी ट्यूब घेऊन या.